वाटाण्याचे रोप

देवगाव फाट्यावर रस्ते फुटतात, हे तुम्ही पाहिले आहे. काही मुलांचे मनही असेच असते. पुस्तक उघडले की ते दहा वाटांनी धावते. लोक अशा मुलांना आळशी म्हणतात. त्यांनी दादासाहेब फाळके यांचे चरित्र जरूर वाचावे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, छायाचित्रण, जादूचे प्रयोग, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. पण चाळिशीपर्यंत ते कोठेच स्थिरावले नाहीत.

मग मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्तांच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांचे मन एका जागी थांबले. ते रात्रंदिवस चित्रपटाचाच अभ्यास करू लागले. त्या श्रमाने त्यांचे डोळे अधू झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. १९१२ साली ते लंडनला जाऊन ही कला शिकले व तेथे त्यांनी कॅमेरा विकत घेतला.

आता पैसा हवा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची चित्रे टिपली. ती पडद्यावर सलग दाखवताच बघता बघता रोप वाढले! पाहणाऱ्यांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, फिल्मचे काम शिकून घेतले आणि कामगारांना जेवू घातले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे वारले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

मित्रांनो, लक्ष सतत विचलित होण्याच्या एका अवस्थेला डॉक्टर ‘एडीएचडी’ म्हणतात. फाळक्यांना ती होती, असे आपण म्हणत नाही. परंतु ही अवस्था असलेल्या मुलाजवळ लक्ष नसते असे नाही. ते हवे तेथे वळवणे त्याला कठीण जाते. आवडीच्या कामात तोच मुलगा तासन्‌तास रमतो. म्हणून मार किंवा टोमणे हा त्यावर इलाज नव्हे. काम लहान लहान भागांत वाटून द्यावे, शिक्षकांनी व घरच्यांनी साथ द्यावी आणि गरज असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

फाळक्यांनीही ते रोप एका दिवसात टिपले नाही. रोज थोडे टिपले. आणि त्यांना साथ देणारे माणूस घरातच होते. तुमच्या शेजारच्या बाकावर असा सोबती असेल, तर त्याला हसू नका. त्याची साथ करा.