पाण्याची वाट मोकळी करणारी शार्लट

मुलगी पोहायला जाते म्हटलं की अजूनही पहिली चर्चा तिच्या कपड्यांची होते. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्येही तेच होतं. बायकांनी पाण्यात उतरायचं ते लोकरीचा जाड पोशाख आणि लांब मोजे घालूनच! एवढं भिजलेलं ओझं घेऊन पोहायचं तरी कसं?

शार्लट एपस्टाइनला हे पटेना. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली शार्लट कोर्टात स्टेनोग्राफर होती. पोहण्याची भारी हौस, पण स्वतः काही ती मोठी विजेती नव्हती.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या जलतरण स्पर्धा पहिल्यांदा झाल्या. अमेरिकेनं मात्र एकही मुलगी पाठवली नाही. मुलींनी चारचौघांत पोहणं तिथल्या क्रीडा अधिकाऱ्यांना पसंतच नव्हतं. शार्लटनं पाठपुरावा सोडला नाही. १९१४ मध्ये तिनं हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेला महिला जलतरणपटूंची नोंदणी करायला राजी केलं. १९१७ मध्ये नोकरदार मैत्रिणींना घेऊन महिलांची जलतरण संघटना काढली. लुई हँडली तिथं एक पैसाही न घेता शिकवायचे. नोकरी सांभाळून शार्लट स्पर्धा भरवायची, मुलींची पाठराखीण म्हणून परगावी जायची आणि मोज्यांच्या सक्तीविरुद्ध भांडायचीही.

१९२० मध्ये अमेरिकेच्या मुली अँटवर्प ऑलिम्पिकला गेल्या. शार्लट सोबत होतीच. तिच्या संघटनेच्या एथेल्डा ब्लायब्ट्रीनं जलतरणाची तिन्ही सुवर्णपदकं जिंकली, तर चौदा वर्षांच्या आयलीन रिगिननं सूर मारण्यात सुवर्ण पटकावलं. १९२६ मध्ये याच संघटनेत तयार झालेली गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली महिला ठरली, तीही तोवरच्या पुरुषांपेक्षा कमी वेळात!

१९३६ चं ऑलिम्पिक हिटलरच्या बर्लिनमध्ये होतं. शार्लट ज्यू. जिथं ज्यूंचा छळ चाललाय तिथं जायचं नाही, असं तिनं ठरवलं. ज्या ऑलिम्पिकची दारं मुलींसाठी उघडायला तिनं उमेदीची वर्षं घातली, त्याकडेच तिनं पाठ फिरवली. दोनच वर्षांत, १९३८ मध्ये ती गेली.

पदकांच्या यादीत शार्लटचं नाव सापडत नाही. पण तुमच्या गावच्या तलावावर मुलींसाठी वेगळी वेळ मिळावी म्हणून नगरपालिकेत खेटे घालणारी कुणी असेल, तर तिला शार्लटची ही गोष्ट जरूर सांगा.