नाना फडणवीस आणि उद्यांचे पुढारी

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत खर्डा नांवाचें गांव आहे. निंबाळकर घराण्यानें बांधलेला तेथील भुईकोट किल्ला अद्यापि उभा आहे. याच गांवाच्या परिसरांत ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची लढाई झाली. पेशव्यांच्या निशाणाखालीं थोर थोर मराठे सरदार एकत्र जमले, असा हा शेवटचाच प्रसंग ठरला. ही एकी ज्या पुरुषानें घडवून आणिली, त्या नाना फडणविसांचें चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. नानांच्या शहाणपणाच्या गोष्टी आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत. परंतु त्यांच्या चरित्रांत शाळेशीं निकट संबंध असलेला एक प्रश्नही दडलेला आहे. मुलांना पुढारीपणासाठीं तयार करावयाचें, तें त्यांच्यांत चढाओढ लावून, कीं खांद्याला खांदा लावून काम करावयास शिकवून?

नानांचें मूळ नांव बाळाजी जनार्दन भानु. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. घराणें कोंकणांतील वेळासचें. आजोबा पहिल्या पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले असतां १७१९ मध्यें तेथील दंग्यांत मारले गेले. वडील वारल्यावर फडणिशीचें, म्हणजे सरकारी हिशेबाचें, काम नानांकडे पोरवयांतच आलें. नानासाहेब पेशव्यांनीं त्यांना घरच्या मुलाप्रमाणें वागविलें. विश्वासराव व माधवराव या पेशवेपुत्रांच्या सहवासांत त्यांचें शिक्षण झालें. शरीरानें ते कृश होते व शिपाईगिरीकडे त्यांचा ओढा नव्हता. तरी पानिपतच्या स्वारींत तीर्थयात्रेच्या ओढीनें ते आई व पत्नी यांसह गेले. १४ जानेवारी १७६१ च्या संहारांत विश्वासराव पडले. नाना एकटे, रानोमाळ भटकत, कसेबसे वांचले. पत्नी पुढें सुखरूप भेटली, आई मात्र कायमची अंतरली. एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनीं हें सारें पाहिलें.

त्याच वर्षीं सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. हे थोरले माधवराव माणसें तयार करण्यांत मोठे कुशल होते. त्यांनीं हिशेबाचा व मुलकी कारभार नाना आणि त्यांचे चुलत बंधु मोरोबा यांजकडे सोंपविला, न्यायाचें काम रामशास्त्री प्रभुणे यांना दिलें, हरिपंत फडके यांना हाताशीं धरून पुढें आणिलें, व महादजी शिंद्यांना शिंदेशाहीच्या सरदारींत स्थिर केलें. काम कडकपणें तपासलें जाई, चुकीला क्षमा क्वचितच मिळे. परंतु प्रत्येकाचें काम दुसऱ्याच्या कामावाचून अडत असल्यामुळें ही तरुण मंडळी एकमेकांचे गुण व उणिवा ओळखूं लागली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें माधवराव अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं निवर्तले. तोंपर्यंत ही शाळा अकरा वर्षें चालली होती.

तिची परीक्षा लवकरच झाली. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं माधवरावांचे धाकटे बंधु नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत खून झाला आणि चुलते रघुनाथराव यांनीं गादी घेतली. रामशास्त्र्यांनीं खुद्द रघुनाथरावांस दोषी ठरविलें. नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे कारभारी एकत्र आले व नारायणरावांची गर्भवती पत्नी गंगाबाई हिला त्यांनीं पुरंदरावर सुरक्षित ठेविलें. तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या या बालकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. बारभाईंचा कारभार म्हणजे गोंधळ, असें आपण थट्टेनें म्हणतों. परंतु इतिहासांतल्या बारभाईंनीं रघुनाथरावांचा पक्ष घेऊन आलेल्या इंग्रजांशीं सात वर्षें झुंज दिली. जानेवारी १७७९ मध्यें वडगांव येथें इंग्रज फौजेस शरणागतीचा करार करावा लागला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें रघुनाथरावांच्या पेशवेपदाचा प्रश्न कायमचा मिटला. नाना पुण्यांत, हरिपंत छावणींत, महादजी रणांगणावर व वाटाघाटींत, असें काम वांटलें गेलें होतें. एकट्याच्या हातून तें पार पडलें नसतें.

मात्र याच काळांत नानांच्या स्वभावाची दुसरी बाजूही दिसूं लागली. मोरोबांनीं उलट पक्ष धरला व ते कैदेंत पडले. सखारामबापूही कैद झाले व कैदेंतच वारले. त्या दोघांचें वर्तन निर्दोष नव्हतें, हें खरें. पण सहकारी एकामागून एक दूर होत गेले आणि सर्व सूत्रें एका हातांत जमा झालीं. महादजींशींही नानांची तेढ बरींच वर्षें चालली. राज्य चाललें, उत्तम चाललें. परंतु उद्यां तें चालविणारे कोण, याचा विचार मागें पडला.

या ठिकाणीं दोन मुलांची हकीकत सांगणें अवश्य आहे. सवाई माधवराव पुण्यास वाढत होते. त्यांच्याहून नऊ महिन्यांनीं लहान असलेले चुलते बाजीराव, रघुनाथरावांचे चिरंजीव, आमच्याच जिल्ह्यांतील कोपरगांव येथें वाढत होते. एकाच घरचे, जवळ जवळ एकाच वयाचे हे दोघे. परंतु रघुनाथरावांच्या कुळाभोवतीं पुन्हां फितूर जमेल या धास्तीनें नानांनीं बाजीरावांस व त्यांच्या भावांस नजरकैदेंत ठेविलें. पुढें त्यांना आनंदवल्लीस व तेथून जुन्नरास हलविलें. ही धास्ती अकारण नव्हती. सवाई माधवरावांना नानांनीं गुरु दिले, दरबारची रीतभात शिकविली, पर्वतीच्या पायथ्याशीं हरणें व इतर प्राणी पाळण्याची त्यांची हौसही पुरविली. उणें राहिलें तें एवढेंच कीं, स्वतः निर्णय घेण्याचें, चुकण्याचें व सुधारण्याचें काम त्यांच्या हातीं आलें नाहीं.

१७९४ मध्यें महादजी व हरिपंत, दोघेही निवर्तले. त्यांतच निजामाकडून चौथाईची मोठी बाकी येणें होती व त्याचा दिवाण ती उर्मटपणें नाकारूं लागला. युद्ध अटळ दिसतांच नानांनीं आपलें सर्व कौशल्य पणाला लाविलें. वृद्ध तुकोजी होळकर, पंधरा-सोळा वर्षांचे दौलतराव शिंदे, नागपूरकर रघूजी भोसले व पटवर्धन मंडळी यांच्यांत परस्परांविषयीं मत्सर पुष्कळ होता. नानांनीं प्रत्येकाशीं पत्रव्यवहार केला, प्रत्येकाचा सल्ला घेतला आणि मग एकट्या परशुरामभाऊ पटवर्धनांना सेनापति नेमिलें. सर्वांनीं तें मान्य केलें. लढाईच्या प्रारंभीं भाऊ जखमी झाले, तरी फौज विस्कटली नाहीं. निजाम खर्ड्याच्या किल्ल्याच्या आश्रयास गेला, तेथें कोंडला गेला व त्यानें तह केला. सुमारें ३ कोटी रुपये, दौलताबादच्या किल्ल्यासह परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, व खुद्द दिवाण मराठ्यांच्या हवालीं करण्याचें ठरलें.

या विजयोत्सवांत तरुण पेशवे खिन्न दिसत होते, असें ग्रँट डफ या इतिहासकारानें नमूद केलें आहे. कारण विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, निजामानें इतक्या सहज हार खावी व आपल्या लोकांनीं विनासायास मिळालेल्या जयाची एवढी फुशारकी मारावी, यांत दोन्ही पक्षांची अवनतिच दिसते. वीस वर्षांच्या तरुणाच्या तोंडचें हें उत्तर वाचून आम्हांस वाटतें कीं, या मुलांत पुढारीपणाचें बीज खचित होतें. त्यास जमीन मात्र मिळाली नाहीं.

पुण्यास परतल्यावर जें घडलें तें दुःखदायक आहे. बाजीरावांच्या गुणांची स्तुति सवाई माधवरावांच्या कानीं येत असे. तिनें त्यांच्या मनांत मत्सर उपजला नाहीं. उलट त्या भावाची भेट व्हावी, अशी उत्कंठा उत्पन्न झाली. दोघांत गुप्तपणें पत्रें गेलीं. तीं नानांना कळलीं, पोंचविणारा कैद झाला, पेशव्यांस बोल ऐकावे लागले व बंदोबस्त अधिक कडक झाला. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं तापानें आजारी असतां ते शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालीं पडले आणि दोन दिवसांनीं त्यांचा अंत झाला. तो अपघात होता कीं अन्य कांहीं, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं.

खर्ड्याच्या विजयास तेव्हां आठ महिनेही झाले नव्हते. गादीसाठीं आधीं धाकटे चिमाजीअप्पा, मग बाजीराव, अशी ओढाताण झाली. खर्ड्यास एकत्र जमलेले सरदार परस्परांचे वैरी बनले. एकमेकांशीं सहकार्य करून काम करण्याचा धडा त्यांतील तरुणांना कोणीं दिलाच नव्हता. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनीं खुद्द नानांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. पुढच्या वर्षीं सुटून ते पुन्हां कारभार पाहूं लागले, परंतु १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. १८०२ मध्यें होळकरांकडून पराभूत झालेल्या बाजीरावांनीं इंग्रजांशीं वसईचा तह केला, आणि १८१८ मध्यें पेशवाई संपली.

नानांच्या बुद्धीचा व निष्ठेचा आम्ही आदर करितों. थोरल्या माधवरावांनीं जी माणसें एकत्र राबवून घडविलीं, त्यांच्यांतलेच ते एक होते, व त्या पुण्याईवर राज्य वीस वर्षें तगलें. पण स्वतः नानांनीं पुढच्या पिढीसाठीं तशी शाळा उघडली नाहीं. दोन भावांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानून वेगळें वाढविलें, आणि दोघांनाही राज्य राखतां आलें नाहीं.

चढाओढ सर्वस्वीं वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षेंत व क्रीडांगणावर ती अंगांत हुरूप आणते. परंतु पहिला नंबर एकालाच मिळतो, आणि वर्गाचें, गांवाचें किंवा देशाचें काम त्या एकट्याच्या हातून होत नाहीं. म्हणून पालकांना आमची विनंति आहे कीं, आपल्या मुलाची तुलना त्याच्या भावाशीं वा शेजाऱ्याच्या मुलाशीं करून त्यास टोंचूं नये; घरचें एखादें काम दोघांवर मिळून सोंपवावें व तें बिघडलें तरी लगेच हातांतून काढून घेऊं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत जो तुमच्या पुढें आहे त्याच्याजवळ बसून शिका, जो मागें आहे त्यास शिकवा. खर्ड्याचा किल्ला पाहावयास गेलांत, तर तेथें मिळालेल्या जयाबरोबर तो जय कां टिकला नाहीं, याचाही विचार करा.