देवराष्ट्र्याची लेक, रानड्यांची सून

मकरसंक्रांतीच्या सुमारास घरोघरी तिळाचा हलवा होतो. हे काम उतावळ्या हाताचे नव्हे. मंद आचेवर परात ठेवावी, तीळ बोटांनी हलवीत राहावे आणि पाक थेंबाथेंबाने घालावा. आच वाढली की तीळ करपतो. पाक एकदम ओतला की गोळा होतो. पुष्कळ वेळाने, बोटे पोळल्यावर, हलव्यावर काटा उभा राहतो. भिन्न कुळांची, भिन्न कुशींची माणसे एका घरात एकजीव व्हायची, त्याचीही रीत हीच आहे. म्हणून संक्रांतीच्या या पर्वात एका थोर स्त्रीचे चरित्र आठवावेसे वाटते. त्यांचा जन्मदिवस २५ जानेवारी. त्यांच्या पतींचा जन्म १८ जानेवारीचा आणि देहावसान १६ जानेवारीचे. त्या स्त्री म्हणजे रमाबाई रानडे.

सागरेश्वराच्या परिसरातील देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली पडले, आणि देवराष्ट्रे सांगलीचे झाले. येथील कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली रमाबाई जन्मल्या. आई सायंकाळी मुलांना जवळ घेऊन पुराणातील कथा सांगे. ध्रुवाला पित्याच्या मांडीवरून उठविणारी सुरुचीही त्यांत असावी, आणि सवतीच्या पुत्रामागे आपला पुत्र वनात धाडणारी सुमित्राही. सापत्न नात्याची ही दोन्ही रूपे आपल्या पूर्वजांनी मुलांपासून लपविली नाहीत. अक्षरओळख मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला नव्हती.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वर एकतीस वर्षांचे होते. वाईच्या दांडेकरांची लेक सखूबाई ही त्यांची प्रथम पत्नी त्याच वर्षी वारली होती. पत्नीचे दुःख ताजे, विधवाविवाहाचा पुरस्कार जाहीर, आणि वडील गोविंदरावांचा कुमारिकेशीच विवाहाचा आग्रह. मुलाने पित्याची आज्ञा मोडली नाही. त्याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावला, तो त्यांनी निमूटपणे घेतला.

आता त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या जागी आपण क्षणभर उभे राहून पाहावे. माधवरावांची जन्मदात्री माता गोपिकाबाई त्यांच्या लहानपणीच निवर्तल्या होत्या. घरात सासू होती ती पतीची सावत्र आई. दीर होते ते सावत्र. नणंद दुर्गा ही तरुणपणी विधवा झालेली. भोवती आणखी आप्त स्त्रिया. या सर्वांच्या मनात पहिल्या सुनेची मूर्ती अजून पुसली गेली नव्हती. गेलेल्या माणसाच्या जागी जो येतो, त्याला त्या माणसाचे गुण छळतात. त्यात त्याचा अपराध नसतो आणि शोक करणाऱ्यांचाही नसतो.

सासरी निघताना वडिलांनी मुलीला जो उपदेश केला, तो तिने जन्मभर जपला. मोठ्या घरात नाना स्वभावांची माणसे असतात. सोसावे, उलट उत्तर करू नये, आणि एकाची चहाडी दुसऱ्याजवळ, विशेषतः पतीजवळ, कधीही करू नये. चहाडीने घरेच काय, राज्येही बुडतात, असा त्याचा आशय होता. नव्या नात्यांच्या घरात हा उपदेश सोन्याच्या मोलाचा आहे. कारण अशा घरात भिंत आधीच कच्ची असते आणि चहाडीचे पाणी तिच्या पायाशी मुरते.

माधवरावांनी पत्नीला मुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला. मराठी वाचन आले, पुढे इंग्रजीही सुरू झाले. घरातील स्त्रियांना हे रुचेना. टोमणे, अबोला, कामात दोष काढणे, हे नित्याचे झाले. शिकवायला परदेशी बाई येऊ लागल्या, तेव्हा विटाळ झाला म्हणून स्नान करणे भाग पडे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कुलासंबंधी रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले, तेव्हा तर घरी शब्दांचा पाऊस पडला. रमाबाईंनी ते सारे ऐकून घेतले, आणि धडा मात्र एकही चुकविला नाही. हे नीट ध्यानात घ्यावे. सोसणे म्हणजे आपले व्रत सोडणे नव्हे. ज्याने व्रत सोडले तो सोशिक नव्हे, तो हरलेला. आणि ज्याने व्रतासाठी घर मोडले त्याला जिंकलेला म्हणणेही कठीण.

पतीची रीत काय होती? त्यांनी वडीलधाऱ्या स्त्रियांना दटावून पत्नीची बाजू घेतली नाही. तसे केले असते तर एका दिवसाची शांती आणि जन्माचे वैर पदरी पडले असते. आणि त्यांच्या मनासाठी पत्नीचे शिक्षणही थांबविले नाही. त्यांनी तिला सोसण्याचा सल्ला दिला, तो स्वतः आचरून दिला. एकदा पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित यांना त्यांनी पुण्याच्या घरी भोजनास बोलाविले. गोविंदराव संतापले आणि घरातील मंडळींना घेऊन कोल्हापूरला जाण्यास निघाले. माधवराव त्यांच्यासमोर खांबाशी मुकाट उभे राहिले. त्यांनी वाद घातला नाही आणि आपले मतही सोडले नाही. अखेर पित्याचा बेत रहित झाला. गोविंदराव १८७७ साली वारले. त्यानंतर सावत्र आई आणि भाऊ यांचा भार माधवरावांनी आपला मानून वाहिला. सख्खे आणि सावत्र असा भेद त्या घराच्या व्यवहारात शिरू दिला नाही.

पुढे १८७९ च्या शेतकरी कायद्याच्या कामी माधवरावांना पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत फिरावे लागले. रमाबाई बरोबर असत. १८९३ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९०१ साली संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी देह ठेवला. रमाबाईंना स्वतःचे अपत्य नव्हते. पण ज्या बाईला परक्या घराला आपले करण्याचा अभ्यास झाला होता, तिला जगात परके कोण? १९०४ साली मुंबईच्या महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. घरात जागा नसलेल्या विधवा तेथे शिकल्या, परिचारिका झाल्या, पायांवर उभ्या राहिल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या भगिनी स्त्री-वारकऱ्यांच्या सेवेस जाऊ लागल्या. १९१० साली त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत घरच्या स्त्रियांची बोलणी आली आहेत, पण कडवटपणा आलेला नाही. त्या स्त्रियांचेही दुःख त्यांना दिसले होते. १९२४ साली ही साध्वी निवर्तली.

वाचकहो, आजही कित्येक घरांत दुसरेपणाने आलेली आई आहे, तिच्याकडे संशयाने पाहणारे लेकरू आहे, आणि दोघांच्या मध्ये गोंधळलेला पिता आहे. लेकराने पहिल्याच दिवशी आई म्हणावे असा हट्ट धरू नये. गेलेल्या माउलीची तसबीर भिंतीवरून काढू नये. तिचे स्मरण राहू दिले तरच नवीला जागा मिळते. पित्याने न्यायाधीश होऊ नये आणि मूक साक्षीदारही होऊ नये; दोघांनाही पुरेल इतका वेळ द्यावा. आजी-आजोबांनी तुलना टाळावी. आणि एवढे करूनही वर्ष, दोन वर्षे, कदाचित अधिक लागतील.

यंदाचा तीळगूळ देवापुढे ठेवल्यावर घरात सर्वांत शेवटी आलेल्या माणसाच्या हातावर आधी ठेवावा. त्याने लगेच गोड बोलावे, ही अपेक्षा मात्र करू नये.