विश्लेषण : शंकरपटातल्या बैलाला संरक्षण देणारा कायदा एका नृत्यांगनेने कसा घडवला?

जालना जिल्ह्यातल्या राजूरसारख्या गावांत पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप आणि हळद चोळली जाते. त्याच मराठवाड्यात आणि विदर्भात मोसम आला की शंकरपटही भरतात. तिथे धावणाऱ्या बैलाला मारता येते का, कुणी मारले तर काय होते, या प्रश्नांची उत्तरे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहेत. या कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. भरतनाट्यममुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांचे हे काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

रुक्मिणीदेवी कोण होत्या?

त्यांचा जन्म 29 फेब्रुवारी 1904 रोजी मदुराईत झाला. वडील नीलकंठ शास्त्री अभियंता होते आणि थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांचे होते. 1920 मध्ये रुक्मिणीदेवींनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज थिऑसॉफिस्टशी विवाह केला. सनातनी मद्रासमध्ये त्यावरून मोठे वादळ उठले.

1928 मध्ये मुंबईत त्यांनी रशियन नर्तिका ॲना पावलोवा यांचे नृत्य पाहिले आणि त्या नृत्याकडे वळल्या. देवदासींचे म्हणून हिणवले जाणारे नृत्य त्या शिकल्या. 1935 मध्ये त्यांनी ते जाहीर मंचावर सादर केले आणि 1936 मध्ये ‘कलाक्षेत्र’ ही संस्था उभारली. 1952 मध्ये त्या राष्ट्रपतीनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेल्या. निवड कलेसाठी झाली होती, पण सभागृहात त्यांनी लावून धरला तो मुक्या जनावरांचा प्रश्न.

जुन्या कायद्यात काय कमी होते?

त्या वेळी 1890 चा इंग्रजी अमलातला कायदा लागू होता. त्याची व्याप्ती नगरपालिका हद्दीतल्या शहरी भागापुरती होती. म्हणजे शहरातल्या टांग्याच्या घोड्याला जे संरक्षण होते, ते खेड्यातल्या नांगराच्या बैलाला नव्हते. ‘प्राणी’ या शब्दात फक्त पाळीव आणि पकडलेली जनावरे येत. क्रूरतेचे मोजकेच प्रकार गुन्हा ठरत आणि शिक्षाही अपुरी होती.

विधेयक मागे का घेतले?

रुक्मिणीदेवींनी 1953 मध्ये राज्यसभेत खासगी विधेयक मांडले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना त्यामागचा हेतू मान्य होता. मात्र हा विषय सरकारने सर्व बाजूंनी तपासून स्वतःच कायदा आणावा, अशी त्यांची भूमिका होती. या आश्वासनावर रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतले.

खासगी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत, हे पाहता हा निर्णय व्यवहारी होता. पण त्यात धोकाही होता, कारण सरकारी आश्वासने कागदावरच राहू शकतात. पुढे समिती नेमली गेली, सरकारी विधेयक आले आणि डिसेंबर 1960 मध्ये कायदा झाला. त्याच वर्षी 1 मे रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते.

नव्या कायद्याने काय बदलले?

माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरला आणि शहर-खेडे हा भेद गेला. जनावर ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्याची काळजी घेण्याचे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य आले. मारहाण करणे, दमेपर्यंत पळवणे, जादा ओझे लादणे, जखमी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला जुंपणे, उपाशी ठेवणे हे गुन्हे ठरले. बैल पूज्य आहे की नाही, यावर हे संरक्षण अवलंबून नाही. त्याला वेदना होते, एवढे पुरेसे आहे.

कायद्यानुसार 1962 मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. 1977 मध्ये मोरारजी देसाई यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारणा केली, ती त्यांनी नाकारली. मंडळाचे काम मात्र त्या अखेरपर्यंत करत राहिल्या. 24 फेब्रुवारी 1986 रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

शर्यतींपर्यंत हा कायदा कसा पोहोचला?

जनावरांच्या खेळांवर निर्बंध घालण्याचा अधिकार या कायद्याने केंद्राला दिला आहे. 2011 मध्ये त्या यादीत बैल आला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धाव 1000 मीटरपेक्षा लांब नसावी. बैल तंदुरुस्त असल्याचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र हवे. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. शर्यतीत बैलाला क्रूरतेने वागवल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कमजोर दुवा कोणता?

शर्यतीबाहेर मात्र मूळ कायद्यातली शिक्षा लागू होते. पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे. पटाच्या मैदानावर पराणी टोचली तर लाखांचा दंड. तीच पराणी उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाला टोचली तर जास्तीत जास्त 50 रुपये. रुक्मिणीदेवींनी कायदा खेड्यातल्या बैलापर्यंत नेला, पण तो पाळायला भाग पाडेल एवढी शिक्षा त्यात अजून आलेली नाही. दंडाची ही रक्कम वाढवायची तर कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल.