जो त्रिकोण होतच नाही

भास्कराचार्य म्हटले की लीलावतीच्या हुकलेल्या लग्नमुहूर्ताची दंतकथा आठवते. आचार्यांची खरी ओळख मात्र एका न होणाऱ्या त्रिकोणात आहे.

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४चा त्यांचा जन्म. सह्याद्रीलगतचे विज्जडविड हे गाव, वडील महेश्वर हेच गुरू. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला; ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग. त्यात ३, ६ आणि ९ अशा बाजूंचा त्रिकोण येतो. तीन आणि सहाची बेरीज नऊच. म्हणजे दोन्ही बाजू तिसरीवर आडव्या पडणार, आत जागा उरणार नाही. एक बाजू इतरांच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल, तर ते क्षेत्रच नव्हे, असा आचार्यांचा निर्वाळा आहे. असे गणित घालणाऱ्याला ते धृष्ट ठरवतात आणि तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून खात्री पटवायला सांगतात.

पुढे नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. सूत्रात आकडे घालण्याआधी प्रश्नच तपासावा, हा त्या घराण्याचा खरा वारसा. वर्गात एखादे पोर गणितच चुकले आहे म्हणाले, तर त्याला गप्प बसवण्याआधी काड्या मांडून पाहाव्यात.