विचारायला लाजायचं कशाला?

नव्या नोकरीतला पहिला आठवडा असो, की बचत गटाचा हिशेब लिहायची पहिलीच वेळ. अगदी साधीशी गोष्ट अडते आणि विचारायला जीभ रेटत नाही. एवढंही येत नाही का, असं कुणी म्हणालं तर? मैत्रिणींनो, रमाबाई रानडे यांचं आयुष्य पाहिलं की ही भीती किती जुनी आहे ते कळतं, आणि तिच्यावरचा उपायही सापडतो.

सध्याच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलींना लिहायला-वाचायला शिकवायची तेव्हा रीतच नव्हती. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं. नवरा एम.ए., एलएल.बी., सरकारी न्यायाधीश आणि बायकोला अक्षरओळखसुद्धा नाही! रानड्यांनी पाटीवर मुळाक्षरांपासून शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. टोमणे झाले, अबोला झाला, पुढे इंग्रजी सुरू झाल्यावर तर बघायलाच नको. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही, घरकामही टाळलं नाही. पण शिकणं मात्र सोडलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो कलकत्त्याचा प्रसंग. १८८६ साली सरकारच्या अर्थसमितीवर नेमणूक झाल्यामुळे रानडे तिकडे गेले होते. तिथे त्यांनी बंगाली शिकायला घेतलं. दाढी करायला न्हावी येई, तेव्हा हे पुस्तक वाचत बसत आणि अडलेल्या शब्दाचा उच्चार, अर्थ त्यालाच विचारत. एवढे मोठे विद्वान, पण न्हाव्यापुढे विद्यार्थी होताना त्यांना कमीपणा वाटला नाही. रमाबाईंना याची गंमत वाटली. त्यांनी ती आपल्या आठवणींत लिहूनही ठेवली. पुढे त्या स्वतःही बंगाली वाचायला शिकल्या. दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती वागण्यात आणायची ती अशी.

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाईंनी दुःखातून सावरून बायकांच्या कामाला वाहून घेतलं. १९०८ साली मुंबईत आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे मोठ्या वयाच्या बायका, विधवा, परित्यक्ता यायच्या. कुणी बाराखडीपासून शिकायची, कुणी शिवणकाम, कुणी परिचारिकेचं काम. हातात पाटी धरायची लाज काय असते, हे तिथल्या अध्यक्षबाईंना पक्कं ठाऊक होतं. १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ज्या बाईला अकराव्या वर्षापर्यंत ‘अ’ माहीत नव्हता, तिचं हे पुस्तक आजही वाचलं जातं! १९२४ साली त्यांचं निधन झालं.

तेव्हा उद्या बँकेची स्लिप भरताना, कॉम्प्युटरवर बसताना किंवा ग्रामपंचायतीच्या सभेत काही अडलं, तर ज्याला येतं त्याला सरळ विचारा. मग तो वयानं लहान असो की हुद्द्यानं. सांगितलेलं वहीत टिपून ठेवा, म्हणजे तेच पुन्हा विचारावं लागणार नाही. हसणारा घटकाभर हसेल आणि विसरून जाईल. शिकलेलं मात्र जन्मभर आपलंच राहील, नाही का?