कार्थेजचे बिशप संत सिप्रियन

मंडळींत अपराध घडला म्हणजे कोणी अपराध्यास कायमचें घालवूं पाहतो, तर कोणी कांहीं घडलेंच नाहीं असें म्हणतो. संत सिप्रियन यांनीं हे दोन्ही मार्ग वर्ज्य केले, म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

सन २५० मध्यें बादशहा डेसियस यानें देवतांस यज्ञ करण्याची सर्वांस आज्ञा केली. भयानें पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं यज्ञ केला; कित्येकांनीं न करतांच केल्याचा दाखला पैसे देऊन मिळविला. छळ ओसरतांच हे लोक परत आले. कोणी म्हणत, त्यांस ताबडतोब घ्या. रोमचे धर्मगुरु नोव्हेशियन म्हणत, कधींच घेऊं नका. स्वतः सिप्रियन छळाच्या काळीं लपून राहिल्यामुळें त्यांजवरही दोषारोप होत होता.

त्यांनीं सन २५१ मध्यें बिशपांची सभा भरविली. सभेनें प्रत्येकाचा अपराध निरनिराळा तोलला. दाखला घेणाऱ्यांस चौकशीअंतीं परत घेतलें. यज्ञ करणाऱ्यांस दीर्घ प्रायश्चित्त लावलें, पण मरणसमयीं क्षमा राखून ठेविली. पुढें नवा छळ जवळ दिसतांच, प्रायश्चित्त करीत असलेल्या या लोकांसही सभेनें पदरांत घेतलें.

ज्यांस पळपुटे म्हटलें गेलें, त्या सिप्रियन यांनीं १४ सप्टेंबर २५८ रोजीं शिरच्छेद पत्करून रक्तसाक्ष दिली. आमच्या धर्मग्रामांत कोणी घसरला, तर दोष न झांकतां व दार न लावतां त्यास उभें करण्याची बुद्धि परमेश्वर आम्हांस देवो.